निष्कर्षावर हात ठेवा आणि मग पेपर वाचा

माझ्या एप्रनच्या खिशात कायम एक छोटी वही असते. वाचलेल्या संशोधन-पेपरमधलं जे उद्या कामाला येईल ते तिच्यात दोन ओळींत उतरवायचं, ही सवय पीजी (पदव्युत्तर शिक्षण) करत होते तेव्हापासूनची. त्या वहीतलं एक पान चुकीचं आहे आणि ते मी मुद्दाम तसंच ठेवलंय. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘टीएक्सए. अपघातातला रक्तस्राव. ८ तासांच्या आत.’ खाली दोन रेघा मारल्या आहेत.

मी तोंड आणि जबड्याची सर्जन. दिवसाचा काही वेळ डेंटल चेअरपाशी जातो, काही ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये), आणि ड्युटी असली की रात्र कॅज्युअल्टीत, जबडा मोडून आलेल्या माणसापाशी. त्यामुळे दातांचे, सर्जरीचे आणि इमर्जन्सीचे असे तिन्हीकडचे पेपर वाचावे लागतात. दर आठवड्याला जर्नल क्लबमध्ये पीजीच्या मुलांकडून ते वाचूनही घ्यावे लागतात. त्या मुलांना जे सांगते तेच इथे लिहितेय, फक्त जरा निवांतपणे. डॉक्टर नसलेल्यांनाही यातलं बरंचसं वापरता येईल.

आधी त्या पानाची गोष्ट. टीएक्सए म्हणजे ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड. रक्ताची जमलेली गुठळी विरघळवण्याचं जे काम शरीर करतं, ते हे औषध रोखून धरतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या माणसाचा दात काढल्यावर त्याच्या पाण्याने चूळ भरायला देतात, म्हणून आम्हा दातवाल्यांच्या ते चांगलं ओळखीचं. २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये क्रॅश-२ ही ट्रायल, म्हणजे रुग्णांचे चिठ्ठीने गट पाडून केलेली तुलना, आली. ४० देश, २७४ रुग्णालयं, २०,२११ जखमी. औषध मिळालेल्यांपैकी १४.५ टक्के दगावले, प्लासिबो (औषधासारखंच दिसणारं, पण औषध नसलेलं काही) मिळालेल्यांपैकी १६ टक्के. इतक्या स्वस्त, साध्या औषधाने जीव वाचतात हे वाचून मी हरखून गेले होते. ट्रायलमध्ये घेतलेले सगळे जखमी अपघातानंतर आठ तासांच्या आतले होते. मी वहीत ‘८ तास’ लिहिलं आणि वही मिटली.

पुढे एका रात्री गालाचं हाड आणि खालचा जबडा मोडलेला एक तरुण आला. तोंडातलं रक्त थांबेना. मी सिस्टरांना टीएक्सए भरायला सांगितलं. शेजारी आमचे भूलतज्ज्ञ सर उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, “लागलं किती वाजता?” सोबत आलेल्या भावाला विचारलं तर साडेपाच तास होऊन गेले होते. सर म्हणाले, “मग थांबा. राहू द्या ते.” सिरिंज भरून तयार होती. आम्ही पॅकिंग केलं, मोडलेले तुकडे जुळवून जबडा तारेने बांधला आणि रक्त थांबलं. पहाटे चहा पिताना सरांनी मला दुसऱ्या पेपरबद्दल सांगितलं. त्याच ट्रायलच्या आकड्यांची वेळेनुसार फोड करून तो २०११ साली छापून आला होता. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने झालेले मृत्यू ५.३ टक्के, प्लासिबोत ७.७. एक ते तीन तासांत ४.८ विरुद्ध ६.१. तीन तास उलटल्यावर मात्र पारडं फिरलं: औषधाच्या गटात ४.४ आणि प्लासिबोत ३.१.

आठ तास ही ट्रायलमध्ये घेण्याची अट होती. औषध आठ तासांपर्यंत उपयोगी पडतं असं त्या पेपरने कुठेही म्हटलं नव्हतं, ते मी म्हटलं होतं. त्या दिवसापासून माझी वाचायची पद्धत बदलली.

हात कुठे ठेवायचा

पेपर शक्यतो कागदावर छापून घ्या. पहिल्या पानावरच्या सारांशातल्या, म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्टमधल्या शेवटच्या दोन-तीन ओळी, म्हणजे निष्कर्ष, हाताने किंवा एखाद्या पुठ्ठ्याने झाका. मग थेट ‘मेथड्स’वर, म्हणजे अभ्यास कसा केला त्या भागावर जा. हा भाग बारीक टायपात, कंटाळवाण्या भाषेत लिहिलेला असतो, म्हणून सगळे तो ओलांडून पुढे जातात. खरा पेपर मात्र तिथेच असतो. तो वाचता वाचता कागदाच्या समासात चार गोष्टी लिहून काढा: कोणाला घेतलं, काय केलं आणि कशाशी तुलना केली, काय मोजलं, कधीपर्यंत मोजलं. चारांपैकी एखाद्याचं जरी उत्तर सापडलं नाही तर पेनने मोठं प्रश्नचिन्ह काढा. त्यानंतर तक्ते बघा आणि तक्त्यांवरून तुमचा स्वतःचा निष्कर्ष एका वाक्यात लिहा. मगच पुठ्ठा उचला. तुमचं वाक्य आणि लेखकांचं वाक्य यांत जिथे फरक पडेल, तिथेच शिकण्यासारखं असतं. कधी चूक तुमची निघते, कधी त्यांची.

‘कोणाला घेतलं’ याच्याइतकंच ‘कोणाला वगळलं’ हेही लिहा. अपेंडिक्सचं उदाहरण घेते, कारण त्यावर गेल्या काही वर्षांत मोठं काम झालंय आणि घरोघरी विचारला जाणारा प्रश्न आहे: ऑपरेशनऐवजी नुसत्या अँटिबायोटिक्सवर भागेल का? फिनलंडच्या अ‍ॅपॅक ट्रायलमध्ये (२०१५) ५३० रुग्ण होते. सीटी स्कॅनवर साधा, गुंतागुंत नसलेला अपेंडिसायटिस दिसला तरच त्यांना घेतलं, आणि अपेंडिक्समध्ये खडा असेल तर वगळलं. अमेरिकेतल्या कोडा ट्रायलने (२०२०) १,५५२ जणांना घेतलं आणि खडा असलेल्या ४१४ जणांनाही त्यात सामील केलं. आता आकडे बघा. कोडामध्ये अँटिबायोटिक्स घेतलेल्यांपैकी २९ टक्क्यांचं ९० दिवसांच्या आत ऑपरेशन करावंच लागलं. पण खडा असलेल्यांत हे प्रमाण ४१ टक्के होतं आणि नसलेल्यांत २५. म्हणजे ‘२९ टक्के’ हा आकडा समोरच्या रुग्णाला सांगण्याच्या कामाचा नाही. आधी स्कॅनमध्ये खडा आहे का ते बघायचं आणि मग त्याचा आकडा सांगायचा.

कधीपर्यंत मोजलं हेही इथेच कळतं. अ‍ॅपॅकमध्ये अँटिबायोटिक्स दिलेल्यांपैकी वर्षभरात २७ टक्क्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. त्याच रुग्णांचा पाच वर्षं पाठपुरावा केल्यावर त्रास परत आलेल्यांचं प्रमाण ३९ टक्क्यांवर गेलं. दोन्ही आकडे खरे आहेत, एक वर्षाचा आहे आणि दुसरा पाच वर्षांचा. कोडाची मुख्य मोजणी तर वेगळीच होती: तीस दिवसांनी रुग्णाला एकंदरीत किती बरं वाटतंय. त्यात अँटिबायोटिक्स ऑपरेशनच्या मागे पडली नाहीत. रुग्ण आपल्याला विचारतो, “डॉक्टर, आज ना उद्या कापावं लागणारच का?” ट्रायलने मुख्यतः मोजलेली गोष्ट आणि रुग्ण विचारतो ती गोष्ट वेगळी असली, तर ते त्याला सरळ सांगावं.

याच ट्रायल्समध्ये ‘नॉन-इन्फिरिऑरिटी’ हा शब्द भेटतो आणि मुलं तिथे अडखळतात. त्याचा अर्थ साधा आहे: नवी पद्धत जुनीपेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे वाईट नाही, एवढंच दाखवायचं. ती मर्यादा आधीच ठरवलेली असते. अ‍ॅपॅकने ती २४ टक्क्यांवर ठेवली होती आणि ट्रायल त्यात बसली नाही. तरीही ‘१०० पैकी ७३ जणांचं वर्षभर ऑपरेशन टळलं’ हेही तितकंच खरं. नॉन-इन्फिरिऑरिटी दिसली की आधी मर्यादा शोधा आणि स्वतःला विचारा, एवढं वाईट मला चाललं असतं का?

काय मोजलं

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि त्यासाठी कायम एकच ट्रायल वापरते. पॅरामेडिक-२, ब्रिटन, २०१८. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या ८,०१४ जणांना अ‍ॅम्ब्युलन्समधल्या पॅरामेडिक्सनी अ‍ॅड्रिनलिन किंवा प्लासिबो दिलं. आपण सगळे हृदय बंद पडलं की हात उचलतो तो अ‍ॅड्रिनलिनसाठी. तेच औषध द्यायचं की मिठाचं पाणी, हे तिथे नशिबावर सोडलं होतं. अशी ट्रायल करायला किती धीर लागला असेल याचा मुलांनी विचार करावा, म्हणून मी तिथे क्षणभर थांबते.

तीस दिवसांनी जिवंत: अ‍ॅड्रिनलिनच्या गटात ३.२ टक्के, प्लासिबोच्या गटात २.४. हिशोब केला तर ११२ जणांना औषध दिल्यावर एक जास्तीचा जीव वाचतो. पुठ्ठा इथेच उचलला तर ‘औषध गुणकारी’ असं लिहून आपण मोकळे होऊ. पुढचा तक्ता बघा. मेंदू ठीक असलेल्या अवस्थेत घरी गेलेले: २.२ विरुद्ध १.९ टक्के, आणि या फरकावर भरवसा ठेवता येत नाही. त्याखालची ओळ आणखी जड आहे. वाचलेल्यांपैकी मेंदूला गंभीर इजा झालेले: अ‍ॅड्रिनलिनच्या गटात ३१ टक्के, प्लासिबोत १७.८.

इथे मी मुलांना विचारते, “३१ टक्के कशाचे?” अर्धा वर्ग चुकतो. ते ८,०१४ चे नाहीत, कुठल्या एका गटाचेही नाहीत. ते वाचलेल्यांचे आहेत, १२६ पैकी ३९. दुसरीकडे ९० पैकी १६. टक्का वाचला की त्याच्या खालची संख्या शोधायची ही सवय बोटांना लागायला हवी. ती नसेल तर ‘अ‍ॅड्रिनलिनने एक तृतीयांश लोकांचा मेंदू जातो’ असली भयंकर वाक्यं तयार होतात आणि पसरतात.

आणखी एक गोष्ट याच तक्त्यावर शिकवता येते. २.२ आणि १.९ मधला फरक सिद्ध झाला नाही, म्हणजे दोन्ही सारखे आहेत असं नव्हे. दोन गटांच्या तुलनेचा खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो, तो पट्टा म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल; पेपरमधली ०.८६ ते १.६१ आहे. १ म्हणजे फरक नाही. ०.८६ म्हणजे थोडं नुकसान असू शकतं, १.६१ म्हणजे चांगलाच फायदा असू शकतो. हा पट्टा इतका रुंद आहे की ट्रायलला उत्तर मिळालेलं नाही, एवढंच म्हणता येतं. याच्याशेजारी क्रॅश-२ चा पट्टा ठेवा: ०.८५ ते ०.९७. अरुंद, आणि पूर्ण एकाच्या खाली. तिथे मृत्यू मोजले होते, म्हणून एकाच्या खाली म्हणजे फायदा. पी व्हॅल्यू, म्हणजे फरक योगायोगाचा असू शकतो का याचा आकडा, नुसतं हो किंवा नाही सांगते, हा पट्टा मात्र किती आणि कितपत खात्रीने तेही सांगतो. मी वहीत पी व्हॅल्यू लिहिणं सोडून दिलंय.

टीएक्सएचंच पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. २०२३ च्या पॅच-ट्रॉमा ट्रायलमध्ये ते अपघाताच्या जागीच, रुग्णालयात पोचण्याआधी दिलं. मुख्य मोजणी सहा महिन्यांनंतरची होती: माणूस स्वतःचं स्वतः करतोय का? ५३.७ विरुद्ध ५३.५ टक्के, म्हणजे काहीच फरक नाही. २८ दिवसांतले मृत्यू मात्र १७.३ विरुद्ध २१.८. या ट्रायलला यशस्वी म्हणायचं की अयशस्वी? काय मोजायचं ठरवलं होतं यावर ते अवलंबून आहे. मला विचाराल तर दोन्ही आकडे नातेवाइकांना सांगण्यासारखे आहेत, त्यातला एक गाळून नाही. आणि ‘अपघातात चालतं तर पोटात रक्तस्राव होतो तिथेही चालेल’ असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यासाठी २०२० ची हॉल्ट-इट आहे. जठर आणि आतड्यांतून रक्तस्राव होणारे १२,००९ रुग्ण, मृत्यूंत फरक नाही, उलट शिरांमध्ये गुठळ्या होण्याचं प्रमाण ०.८ विरुद्ध ०.४ टक्के, म्हणजे दुप्पट.

हात कोणाचा होता

औषधाची गोळी कोणीही दिली तरी तीच असते. सर्जरी तशी नसते. म्हणून सर्जरीच्या पेपरमध्ये ‘कोणी केलं’ हा पाचवा प्रश्न समासात लिहा. २०२३ च्या डिव्हाइस ट्रायलमध्ये श्वासनलिकेत नळी घालताना व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं, कॅमेरा लावलेलं हत्यार) आणि नेहमीचा लॅरिंगोस्कोप यांची तुलना केली. पहिल्या प्रयत्नात नळी बसली: ८५.१ विरुद्ध ७०.८ टक्के. दणदणीत फरक. पण नळी घालणाऱ्यांपैकी ९१.५ टक्के जण रेसिडेंट किंवा फेलो होते. म्हणजे हा निकाल मुख्यतः शिकणाऱ्या हातांचा आहे. रात्री कॅज्युअल्टीत तेच हात असतात, म्हणून माझ्या लेखी तो फार मोलाचा आहे. वीस वर्षं नळ्या घालणाऱ्याला तो तितकाच लागू पडेल असं धरून चालू नका. आणि हो, गंभीर गुंतागुंतींमध्ये दोन्ही गटांत फरक नव्हता, तेही लिहून ठेवा.

नवं यंत्र, छोटं छिद्र, कमी रक्त, लवकर घरी, याची आम्हा सर्जनना ओढ असते. म्हणून लॅक ट्रायल (२०१८) मी प्रत्येक बॅचला वाचायला लावते. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरसाठी गर्भाशय काढताना दुर्बिणीने किंवा रोबोटने करायचं की पोट उघडून. ६३१ बायका. दुर्बिणीच्या पद्धतीत रक्त कमी जातं, रुग्ण लवकर उठून बसतो, हे आधीच्या अभ्यासांत दिसलं होतं आणि ती पद्धत सर्रास रुळली होती. ट्रायलमध्ये तीन वर्षांनी जिवंत असलेल्या: पोट उघडून केलेल्यांत ९९ टक्के, दुसऱ्या गटात ९३.८. डिस्चार्जच्या दिवसापर्यंत मोजलं असतं तर हे कधीच दिसलं नसतं.

सर्जरीत ब्लाइंडिंग (कोणाला कोणता उपचार मिळाला ते झाकून ठेवणं) करता येत नाही असं म्हणून सोडून देणाऱ्यांना मी फिनलंडच्या फिडेलिटी ट्रायलचा (२०१३) मेथड्सचा परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगते. गुडघ्यातली झिजून फाटलेली गादी दुर्बिणीतून छाटायची की नुसतं छाटल्याचं सोंग करायचं. सोंगाच्या गटातही सर्जनने एकेक हत्यार मागून घेतलं, गुडघा तसाच वाकवला-फिरवला, सक्शन चालू ठेवलं, आणि खऱ्या ऑपरेशनला जितका वेळ लागतो तितका वेळ रुग्णाला ओटीत ठेवलं. वर्षभराने दोन्ही गट सारखेच सुधारलेले होते. ज्या सर्जनला हे करता येत नाही, त्याने निदान जखम तपासणारा माणूस वेगळा ठेवावा, कुठल्या गटाचा रुग्ण ते माहीत नसलेला. तसा ठेवला होता का, हे एका वाक्यात लिहिलेलं असतं. ते वाक्य शोधा.

दात मोजले की माणसं

दातांच्या पेपरमध्ये एक चूक पुन्हा पुन्हा भेटते. ‘१२० इम्प्लांट्सचा अभ्यास’ असं लिहिलेलं असतं आणि आत बघावं तर माणसं तीसच. एकाच तोंडातल्या चार इम्प्लांट्सना तीच लाळ, तीच साखर, तीच सिगारेट आणि तोच घाईघाईत फिरवलेला ब्रश. एक गेलं की दुसरं जाण्याची शक्यता वाढते. ती चार स्वतंत्र उत्तरं नाहीत. हिशोबात हे एकमेकांशी जोडलेलं असणं, म्हणजे ‘क्लस्टरिंग’, धरलंय असा उल्लेख नसेल तर मी त्या पेपरच्या पी व्हॅल्यूवर विश्वास ठेवत नाही. ‘स्प्लिट-माउथ’ म्हणजे एका बाजूला एक उपचार, दुसऱ्या बाजूला दुसरा. ही रचना सुंदर आहे, पण तेव्हाच, जेव्हा एका बाजूचा परिणाम दुसरीकडे जात नाही. पोटात घेतलेली वेदनाशामक गोळी डावं-उजवं ओळखत नाही.

आणि मिलिमीटर. हिरड्यांचे खड्डे मोजायच्या प्रोबवर खुणा मिलिमीटरच्या असतात. मी आणि माझी विद्यार्थिनी एकाच दाताचा खड्डा एकामागून एक मोजतो तेव्हा एका मिलिमीटरचा फरक सहज पडतो. ती जरा हलक्या हाताची आहे, मी थोडं जास्त दाबते. आता एखादा पेपर सांगत असेल की नव्या जेलने खड्डा सरासरी ०.३ मिलिमीटरने जास्त भरला आणि फरक ‘सिग्निफिकंट’ (निव्वळ योगायोगाचा नसावा असा) आहे, तर तो गणितात सिग्निफिकंट असेल. रुग्णाच्या तोंडात त्याचा काय उपयोग, हा प्रश्न तसाच उरतो.

जाणवण्याइतका फरक किती, हे चांगले लेखक आधीच ठरवून ठेवतात. २०१७ साली जामा या जर्नलमध्ये एक इमर्जन्सीतली ट्रायल आली होती. हातापायाला लागून तीव्र दुखणाऱ्यांना आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र द्यायचं की अफूच्या वर्गातल्या तीन मिश्रणांपैकी एखादं. शून्य ते दहाच्या मापावर १.३ चा फरक पडला तरच तो माणसाला जाणवतो, असं त्यांनी धरलं होतं. दोन तासांनी दुखणं ४.३, ४.४, ३.५ आणि ३.९ अंकांनी उतरलं. कोणत्याही दोन गटांत १.३ चा फरक नाही. साधी जोडी ४.३ वर होती. पुढे २०२५ मध्ये अडकलेली अक्कलदाढ काढलेल्या १,८०० हून अधिक तरुणांवरची अमेरिकेतली ट्रायल प्रसिद्ध झाली. पहिल्या दिवशी आणि रात्री, म्हणजे दाढ सगळ्यात जास्त ठणकते तेव्हा, हीच जोडी हायड्रोकोडोन या अफूच्या वर्गातल्या औषधाच्या मिश्रणापेक्षा सरस ठरली. अक्कलदाढ काढून झाली की रुग्ण गालाला बर्फ धरून विचारतात, “जोरदार काहीतरी द्या ना.” त्यांना मी आता हे शांतपणे सांगू शकते.

‘फरक नाही’ असा निकालही कामाचा असतो, हे ब्रिटनच्या इंटरव्हल ट्रायलने मला पटवलं. २,३७२ जण, चार वर्षं. दर सहा महिन्यांनी दात तपासायला बोलवायचं की ज्याच्या त्याच्या धोक्याप्रमाणे? हिरड्यांतून रक्त येण्याच्या प्रमाणात फरक नाही. दोन वर्षांनी बोलवण्याचा गटही होता, पण त्यात दंतवैद्याने ‘याला चालेल’ म्हटलेलेच लोक होते. ही अट विसरून ‘दोन वर्षांनी गेलं तरी चालतं’ असं सगळ्यांना सांगणं ही माझ्या आठ तासांचीच चूक झाली.

आधी आणि नंतर

ज्या अभ्यासात गट पाडलेलेच नाहीत, आधी मोजलं, मग काहीतरी सुरू केलं आणि नंतर मोजलं, त्याला जरा दमाने घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्जरी चेकलिस्टचा २००९ चा पेपर असाच होता. आठ शहरांतली आठ रुग्णालयं, मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर. पुढे २०१४ मध्ये कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या १०१ रुग्णालयांत चेकलिस्ट सक्तीची झाल्यावर मोजलं तर ०.७१ वरून ०.६५, सिद्ध न होणारा फरक. मी चेकलिस्ट वापरते आणि वापरत राहीन. चीर देण्याआधी नाव, बाजू आणि अ‍ॅलर्जी मोठ्याने विचारायला मिनिटही लागत नाही. पण ‘मृत्यू निम्मे होतात’ हे वाक्य मी भाषणात घेत नाही.

याच्या शेजारी चीता ट्रायल (२०२२) ठेवून बघा. भारतासह सात देश, ८१ रुग्णालयं, १३,३०१ रुग्ण. पोटाची जखम शिवण्याआधी हातमोजे आणि हत्यारं बदलायची, एवढंच. कोणत्या रुग्णालयाने बदलायची ते चिठ्ठीने ठरवलं. जखमेत पू होण्याचं प्रमाण न बदलणाऱ्या रुग्णालयांत १८.९ टक्के होतं, बदलणाऱ्यांत १६. ‘१३ टक्क्यांनी कमी’ असं बातमीत येईल, तेही बरोबर आहे (लेखकांनी इतर फरक जमेस धरून तो आकडा काढलाय), पण मी मुलांना वजाबाकी करायला लावते: २.९, म्हणजे साधारण ३४ ऑपरेशनांमागे एक जखम वाचली. मला हा आकडा जास्त आवडतो, कारण त्यात माणूस दिसतो.

नोंदणी तपासा

हे काम दहा मिनिटांचं आहे. मोठ्या जर्नल्सनी २००५ पासून अट घातलीय की पहिला रुग्ण घेण्याआधी ट्रायलची जाहीर नोंदणी हवी. नोंदणी क्रमांक अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या तळाशी असतो. तो शोधा आणि तीन गोष्टी ताडून बघा: मुख्य मोजणी तीच आहे का, ठरवलेले रुग्ण किती आणि घेतले किती, आणि नोंदणीची तारीख पहिल्या रुग्णाच्या आधीची आहे का. नोंदणीत ‘सहा महिन्यांनी’ आणि पेपरात ‘सहा आठवड्यांनी’ असं दिसलं तर लेखकांनी कारण दिलंय का ते बघा. ट्रायल मध्येच थांबली असेल तर का थांबली तेही वाचा. ब्रिटनच्या रीबोआ ट्रायलमध्ये महाधमनीत फुगा फुगवून खालचा रक्तस्राव रोखत होते. ती ९० रुग्णांवर थांबवली, कारण फुग्याच्या गटात ९० दिवसांतले मृत्यू ५४ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ४२ होते. कॅनडाच्या डोस-व्हीएफमध्ये हृदय बंद पडलेल्यांना डीफिब्रिलेटरने (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राने) द्यायच्या शॉकची दुहेरी पद्धत नेहमीच्या पद्धतीशी ताडली, ३०.४ विरुद्ध १३.३ टक्के जिवंत घरी गेले, पण ९३० चं ठरवून ४०५ वर, कोविडमुळे थांबावं लागलं. लवकर थांबलेल्या ट्रायलमध्ये फायदा खऱ्यापेक्षा मोठा दिसण्याचा धोका असतो. मी तो निकाल आनंदाने वाचला आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलं, शाईने नाही.

आता वहीत प्रत्येक नोंदीला तारीख असते, आणि खाली एक रिकामी ओळ सोडलेली असते: ‘काय दिसलं तर बदलेन?’ ती भरल्याशिवाय पान उलटायचं नाही असा माझा नियम आहे, आणि मुलांच्या वह्याही मी त्यासाठी तपासते. चुकीच्या पानासमोरचं पान आज असं आहे:

‘टीएक्सए. अपघात, जोराचा रक्तस्राव किंवा दाट शंका. आधी लागल्याची वेळ विचार. ३ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. १ ग्रॅम १० मिनिटांत, मग १ ग्रॅम ८ तासांत चालवायचं (हे ८ वेगळे). ३ तास उलटले तर नाही. जठर-आतड्यांच्या रक्तस्रावाला हे लावू नकोस. काय मोजलं: चार आठवड्यांतले मृत्यू. काय दिसलं तर बदलेन: सहा महिन्यांनी किती जण स्वतःच्या हाताने जेवतायत, हे मोजणारी आणखी एखादी मोठी ट्रायल.’